लेक म्हणते, फिजिक्स झालं की तत्त्वज्ञान करणार. असं कुणी केलंय का?

कलमवाला, देवगड

मंडळी, हा प्रश्न इथे टाकावा की नको, चार दिवस घोळत होतो. आंब्याचं काही असतं तर तालुक्यात विचारायला पन्नास माणसं आहेत. हे कुणाला विचारायचं तेच कळेना.

माझी धाकटी रत्नागिरीला एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हुशार आहे. बाप म्हणून नाही सांगत, बी.एस्सी.ला कॉलेजात दुसरी आली होती. आमचं गणित साधं होतं. एम.एस्सी., मग नेट-सेट नाहीतर बी.एड., आणि जमलंच तर भाभा अणुसंशोधन केंद्राची परीक्षा. दिवाळीत घरी आली, अंगणात कंदील लावायला मला स्टूल धरून उभी होती, आणि तिथेच म्हणाली, "बाबा, एम.एस्सी. झाली की मी तत्त्वज्ञानाला जाणार. विज्ञानाचं तत्त्वज्ञान." मी म्हटलं, तत्त्वज्ञान तर तुझी आजी रोज दासबोध उघडून करते, त्याला विद्यापीठ कशाला? ती हसली नाही. तेव्हाच कळलं, हे प्रकरण साधं नाही.

मग तिने थॉमस कून नावाच्या अमेरिकन माणसाचं सांगितलं. हार्वर्डचा फिजिक्सचा डॉक्टर, पुढे विज्ञानाचा तत्त्वज्ञ झाला, आणि विज्ञानात क्रांत्या कशा होतात यावर त्याने लिहिलेलं पुस्तक दहा लाखांच्या वर खपलं. मी म्हटलं बरं, पण तो हार्वर्डचा. आपण पडेल कॅन्टीनच्या नाक्यापुढचे. आपल्याकडे पावणेदोनशे कलमं, त्यातली तीस म्हातारी, आणि गेल्या वर्षी अवकाळीने मोहोर काळा पडला तो पडलाच.

मला तिला अडवायचं नाही. पण ह्यात माणूस खातो काय, आणि पाच वर्षं केलेलं फिजिक्स फुकट जातं का, एवढं तरी कळायला हवं. ज्याने खरंच केलंय त्याने सांगावं. "पॅशन फॉलो करू द्या" वगैरे सांगायला व्हॉट्सअ‍ॅपवर मेहुणे आहेत.

---

तारकर्लीचो

चेडवाक शिकूंदे, दादानू. कलमां खंय पळान जातत? माझो झील इंजिनियर झालो नि आता स्कूबावाल्यांबरोबर बोटीर असता. कोण काय शिकलो नि काय करता, ह्येचो मेळ आमच्याकडे तरी कधी लागलो नाय.

---

निवृत्त मास्तर

दादा, पोटाचं उत्तर माझ्याकडे नाही, ते कुणी तरुण देईल. मी तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, त्यातली शेवटची अठरा आपल्याच तालुक्यात. कून मी वाचला तो निवृत्तीनंतर, आणि तो का वाचला ते आधी सांगतो. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

विजयदुर्ग किल्ल्यातले साहेबाचे कट्टे तुम्ही पाहिलेच असतील. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन होतो. मी वर्षानुवर्षं पोरांना घेऊन जायचो आणि कट्ट्यावर उभा राहून ठोकून द्यायचो: १८६८ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर याच जागी दुर्बीण लावून बसले, खग्रास ग्रहण पाहिलं आणि त्यांना हेलियम सापडला. एका वर्षी अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ऑगस्टात हयसर सूर्य दिसतलो?" त्या दिवशी वाऱ्याने आमच्या छत्र्या उलट्या होत होत्या. सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू येईना. कोकणात जन्म गेला, आणि इतकी साधी शंका मला कधी आली नव्हती.

मग शोधायला बसलो. निघालं ते असं. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची सावली भारतावरून गेली हे खरं. ते पाहायला फ्रान्सचे जानसेन आले होते, पण ते होते गुंटूरला. लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होते. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट घेता येतो हे त्यांनी २० ऑक्टोबरला, म्हणजे दोन महिन्यांनी, तिथूनच दाखवलं, आणि तिथेच त्यांना हेलियमची खूण असलेली ती पिवळी रेषा भेटली. जानसेनही त्याच युक्तीपर्यंत स्वतंत्रपणे पोचले होते, आणि दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली.

मग विजयदुर्गचा साहेब कोण? तोही लॉकियरच! पण २२ जानेवारी १८९८ चा. त्या खग्रास ग्रहणासाठी ते खरोखर विजयदुर्गला उतरले, मेल्पोमेनी नावाच्या युद्धनौकेचे खलाशी हाताशी घेऊन त्यांनी निरीक्षणं केली, आणि त्याचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. जानेवारी म्हणजे आभाळ स्वच्छ. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना लंडनमध्ये क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून हेलियम वायू हातात मिळूनही तीन वर्षं झाली होती. म्हणजे कट्टे खोटे नाहीत, साहेबही खोटा नाही. माणूस एक आणि ग्रहणं दोन, ती लोकांच्या आठवणीत एकावर एक चढली. त्यात मी अठरा वर्षं माझी भर घातली.

याहून पुढची गोष्ट मला जास्त लागली. लॅबमध्ये सोडियमचा दिवा लावला की पिवळ्या रेषांची जोडी दिसते, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. सूर्याच्या कडेची रेषा ५८७.६ ला. इतकी शेजारी, की पहिल्यांदा पाहिल्यावर सोडियमच वाटावी. ही सोडियमची नव्हे, पृथ्वीवर न सापडलेल्या कुठल्यातरी मूलद्रव्याची आहे, असं म्हणायला धाडस लागलं आणि पुष्कळांना ते पटलं नाही. मग हेलियमचा शोध लागला कधी? रेषा दिसली तेव्हा, ती वेगळी आहे असं कुणी म्हटलं तेव्हा, की २७ वर्षांनी वायू नळीत आला तेव्हा? परीक्षेत मी "१८६८" ला एक मार्क द्यायचो.

नेमका हाच प्रश्न कूनने ऑक्सिजनबद्दल विचारलाय. प्रीस्टलीने वायू वेगळा केला पण त्याला ओळखलं नाही, लाव्हाझिएने ओळखलं पण त्याचंही स्पष्टीकरण आज टिकत नाही. शोधाला एक तारीख आणि एक माणूस चिकटवण्याची आपली सवयच चुकीची, असं त्याचं म्हणणं. ते वाचलं आणि साहेबाच्या कट्ट्यावर बसून वाचतोय असं वाटलं.

आता त्याच्या कारकिर्दीचं. कून १९२२ चा, सिनसिनाटीचा. १९४३ ला हार्वर्डमधून फिजिक्सची पदवी, लगेच युद्धातलं रडारचं काम, परत येऊन पीएच.डी.ला नाव. मार्गदर्शक जॉन व्हॅन व्लेक, ज्यांना पुढे १९७७ चं नोबेल मिळालं. म्हणजे जागा चांगली, गुरू चांगला, विषय घन पदार्थांचा. त्यात १९४७ ला हार्वर्डचे अध्यक्ष कोनंट यांनी त्याला एका अभ्यासक्रमात मदतीला घेतलं. विज्ञान न शिकणाऱ्या मुलांना विज्ञानाचा इतिहास शिकवायचा होता. त्या तयारीसाठी कून अ‍ॅरिस्टॉटलचं भौतिकशास्त्र वाचायला बसला. न्यूटनच्या किती जवळ पोचला होता ते बघू, या हिशेबाने. बघतो तर जवळ सोडाच, सगळं चक्क चुकीचं. इतका मोठा माणूस आणि गतीबद्दल इतकं बावळट कसं लिहितो? उन्हाळ्याचे दिवस, हातात चार रंगांची पेन्सिल, समोर उघडं पुस्तक. खिडकीबाहेर बघत बसला असताना अचानक त्याला सगळं जुळलेलं दिसलं. अ‍ॅरिस्टॉटल "गती" म्हणतो त्यात दगडाचं पडणं हा फक्त एक प्रकार. बीचं झाड होणं हीसुद्धा गती, आजारी माणूस बरा होणं हीसुद्धा.

दादा, तुम्ही आंबेवाले, तुम्हाला हे लवकर कळेल. आढीत हिरवा आंबा पिवळा होतो ना, अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी ती गती. आता त्याच्याकडे न्यूटनची सूत्रं मागायला गेलात तर तो मूर्खच दिसणार.

तिथून माणसाची वाट वळली. पण लेकीला हे जरूर सांगा: पीएच.डी. त्याने सोडली नाही. १९४९ ला पुरी केली, फिजिक्समध्येच.

पुढचं सगळं गोड नाही. हार्वर्डने त्याला कायम केलं नाही. १९५६ ला बर्कलीला गेला, तिथे अर्धा इतिहास विभागात, अर्धा तत्त्वज्ञान विभागात. १९६१ ला पूर्ण प्राध्यापकी मिळाली ती इतिहासात. तत्त्वज्ञानातल्या वरिष्ठांना तो आपल्यात नको होता, आणि ते त्याला फार लागलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते असं. लगेच पुढच्या वर्षी, चाळिसाव्या वर्षी, ते प्रसिद्ध पुस्तक आलं. त्याच वर्षी तो कोपनहेगनला क्वांटम भौतिकी घडवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती टेपवर घेत हिंडत होता. नील्स बोरची शेवटची मुलाखत १७ नोव्हेंबर १९६२ ला झाली, दुसऱ्या दिवशी बोर गेले. मुलाखत घेणाऱ्याला क्वांटम यांत्रिकी येत नसतं तर बोरला काय विचारलं असतं? फिजिक्स फुकट गेलं का, याचं उत्तर मला तरी त्या टेपमध्ये दिसतं.

---

शंकासुर

मास्तर, हेलियमचं वाचून मजा आली, पण कूनचं एवढं कौतुक पुरे. त्याचा "पॅराडाइम", म्हणजे विचाराची चौकट, हा शब्द आता मोबाइलच्या जाहिरातीतसुद्धा येतो. त्याच्याच पुस्तकात एका अभ्यासक बाईंनी या शब्दाचे २१ वेगवेगळे अर्थ मोजून दाखवले होते. आणि ते वाचून पोरं काय शिकतात? विज्ञान म्हणजे त्या त्या काळच्या मंडळींचं एकमत. माझ्या दुकानात रोज एकजण येतो, पंचगव्यापासून पृथ्वी सपाट असण्यापर्यंत सगळ्याला "तो वेगळा पॅराडाइम आहे" म्हणतो.

फिजिक्सवालाच तत्त्वज्ञ हवा तर मारिओ बुंगे बघा. अर्जेंटिनाचा, १९५२ ला ला प्लाता विद्यापीठातून फिजिक्सची पीएच.डी., मग आयुष्यभर तत्त्वज्ञान, कॅनडात मॅकगिलला. आठ खंडांचा ग्रंथ लिहिला आणि शंभर वर्षं जगला, २०२० ला गेला. जग आपल्या बोलण्यावर अवलंबून नाही, ते आहे, आणि आपल्याला ते हळूहळू कळतं, असं ठणकावून सांगणारा. कूनवर त्याने कडक टीका केलीय.

---

निवृत्त मास्तर

शंकासुर, तुमच्या गिऱ्हाइकाला कूननेही दारात उभं केलं नसतं. वाटेल ते खरं असं तो म्हणालाच नाही, आणि १९६९ ला पुरवणी जोडून त्याने तसं स्पष्टही केलं. पण बुंगे मी वाचलेला नाही. वाचतो.

---

कलमवाला, देवगड

मास्तर, तुमचं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, आढीतला आंबा हलतो हे मी लग्न झाल्यापासून सांगते, रात्री वास माजघरातून पडवीत येतो.

एक विचारतो, चुकत असेन तर सांगा. आमच्याकडे आंब्यात साका होतो. बाहेरून फळ एक नंबर, कापलं की आत कोयीभोवती पांढरट, आंबट, स्पंजासारखं. गिऱ्हाईक शिव्या घालतं. पूर्वी आम्हाला सांगायचे, तापलेल्या जमिनीची झळ फळाला लागते म्हणून होतो, कलमाखाली गवत पसरा. पसरलं. थोडा फरक पडला असं वाटलं. मग बंगळूरच्या संशोधकांचं ऐकलं, की कोय झाडावर असतानाच रुजायच्या तयारीला लागते आणि गरातलं ओढून घेते. म्हणजे कातडीकडून आत बघायचं की कोयीकडून बाहेर, इथपासूनच फरक. फळ तेच, साका तोच. मास्तर जे म्हणतायत ते हेच का?

आणि दुसरं. आमच्याकडे पेट्या भरायला एक म्हातारे येतात. त्यांनी फळ हातात घेऊन बाजूला ठेवलं की त्यात साका निघतोच, दहातले सात-आठ तरी. कसं ओळखता विचारलं तर म्हणतात, "जड लागता, पण जड नाय." याचा अर्थ मला वीस वर्षांत लागला नाही.

---

निवृत्त मास्तर

दादा, पहिलं बरोबर. फक्त लगेच "क्रांती" म्हणू नका, कून रागावेल. एका कोड्याची दोन उत्तरं एवढंच म्हणू.

दुसऱ्यासाठी मायकेल पोलान्यी नावाचा माणूस आहे. बुडापेस्टचा, शिकला डॉक्टरकी, नाव काढलं भौतिक रसायनात. बर्लिनमध्ये चांगलं बस्तान होतं, हिटलर आल्यावर १९३३ ला मँचेस्टरला गेला. तिथे १९४८ ला रसायनाची खुर्ची सोडली आणि विद्यापीठाने त्याला सामाजिक अभ्यासाची खुर्ची दिली, तत्त्वज्ञान लिहायला मोकळा वेळ मिळावा म्हणून. (सोडलेलं रसायन घराबाहेर गेलं नाही. मुलाला १९८६ ला रसायनाचंच नोबेल मिळालं.) त्याचं मुख्य म्हणणं असं, की आपल्याला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. शास्त्रज्ञाचंसुद्धा. प्रयोगशाळेतला हात पुस्तकातून शिकता येत नाही, शिकवणाऱ्याच्या शेजारी उभं राहूनच येतो. तुमचे म्हातारे "जड लागता पण जड नाय" म्हणतात तिथे पोलान्यीने एक प्रकरण लिहिलं असतं.

---

वाशिष्ठी

काका, तुम्ही म्हणालात खरंच केलंय त्याने सांगावं, म्हणून लिहितेय. मी चिपळूणची. एम.एस्सी. फिजिक्स, मग तत्त्वज्ञानात एम.ए., आता मुंबईत पीएच.डी.चं तिसरं वर्ष.

आधी पैशाचं, कारण त्यावर कुणी बोलत नाही. एम.ए.ची दोन वर्षं घरून पैसे घ्यावे लागले, शिवाय मी बारावीच्या शिकवण्या घेतल्या. फिजिक्सच्याच. फिजिक्सच्या शिकवणीला गिऱ्हाईक कायम असतं, त्यामुळे ती पदवी फुकट वगैरे काही जात नाही. मग नेट, विषय तत्त्वज्ञान, आणि जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली. ती २०२३ पासून महिना ३७,००० आहे. मुंबईत हॉस्टेल मिळालं तर पुरते, थोडी घरीही पाठवता येते. जेआरएफ मिळाली नाही तर अवघड आहे, हे लपवत नाही. पुढच्या नोकऱ्या कमी. तत्त्वज्ञान शिकवणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजावीत अशी, आणि असलेल्या जागा भरत नाहीत.

ठिकाणं: पुणे विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग, मुंबई विद्यापीठाचा विभाग, आयआयटी मुंबईत मानव्यविद्या विभागात तत्त्वज्ञानाची पीएच.डी. होते. मुलं विज्ञान कसं समजून घेतात यात तिला रस असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, तिथे फिजिक्सवाल्यांना परकं वाटत नाही. आपल्याकडचं उदाहरण हवं तर सुंदर सारुक्काई. फिजिक्स आणि तत्त्वज्ञान दोन्ही शिकलेले, पर्ड्यूची पीएच.डी., बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत होते, पुढे मणिपालचं तत्त्वज्ञान केंद्र उभं केलं.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. एका मुलाखतीत समोरच्या प्राध्यापकांनी अर्ज बघून पहिला प्रश्न विचारला, "फिजिक्स झेपलं नाही वाटतं?" मी गप्प बसले. नंतर बसमध्ये उत्तर सुचलं, पण उपयोग काय. तेव्हा मला अ‍ॅबनर शिमनी माहीत नव्हते. त्यांनी येलमधून १९५३ ला तत्त्वज्ञानाची पीएच.डी. घेतली, आणि पुढे प्रिन्स्टनला जाऊन १९६२ ला फिजिक्सची दुसरी घेतली. म्हणजे उलट्या वाटेने आले. १९६९ ला तीन भौतिकशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी एक शोधनिबंध लिहिला: दूर गेलेल्या दोन फोटॉनांमधलं क्वांटम नातं प्रयोगशाळेत तपासायचं कसं. त्या चौघांतल्या क्लाउझरना २०२२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. शिमनी तोवर गेले होते. ज्या प्रश्नाला कित्येक भौतिकशास्त्रज्ञ "हे तत्त्वज्ञान आहे, गप्प बसून गणित करा" म्हणायचे, त्याचं मोजमाप कसं करायचं हे ठरवण्यात एका तत्त्वज्ञाचाही हात होता.

काका, तिला एकच विचारा: तिला नक्की कुठला प्रश्न पडलाय? "तत्त्वज्ञान आवडतं" म्हणाली तर थोडं थांबायला सांगा. प्रश्न सांगितला तर मला इथेच निरोप पाठवा. आणि एम.एस्सी.चा प्रोजेक्ट अर्धवट सोडू देऊ नका, शिफारसपत्र त्याच सरांकडून लागतं.

---

तारकर्लीचो

ह्या बसमध्ये सुचणारा उत्तर माका पण कायम बसमध्येच सुचता.

---

कलमवाला, देवगड

वाशिष्ठी, तू सांगितलंस तसं काल रात्री फोन करून विचारलं. नक्की कुठला प्रश्न पडलाय? बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली, आमच्याकडे जातेच. मग म्हणाली, "बाबा, प्रॅक्टिकलला ग्राफ काढताना आम्ही एखादा बिंदू रेषेपासून लांब गेला की तो खोडतो. सर म्हणतात, ती चूक आहे. तो चूक आहे हे आम्हाला प्रयोगाआधीच कसं ठाऊक असतं?"

मला यातलं पूर्ण कळलं असं नाही. पण फवारणीच्या वहीत मीही असे दोन आकडे खोडलेत हे आठवलं.

मास्तर, ती पुढच्या शनिवारी येतेय. तुम्ही विजयदुर्गात असाल तर घेऊन येतो, दुपारचं ऊन उतरल्यावर. कट्ट्यावरच भेटू. शंकासुरांनाही यायचं असेल तर पडेल कॅन्टीनला थांबा, गाडीत एक जागा आहे.

मोहोराचं विचाराल तर अजून नाही. थंडीच नाही.